गोऱ्हा ठेवू की खच्ची करू? (वळू, वळूमाता आणि दुधाची वही)

तापीकाठ (चोपडा तालुका) | रविवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, तरी वाचा.

घरचा गोठा आहे. ११ दुभत्या, त्यातल्या ९ एचएफ (होल्स्टीन) संकरित आणि २ गीर संकरित. लाली नावाची गाय तिसऱ्या वेताला भरात २४ लिटरवर गेली होती, दोन्ही वेळचं मिळून. तिचा गोऱ्हा आता १४ महिन्यांचा झालाय. अंगाने भरलेला, पाय सरळ, पाठ अशी सपाट की वर तांब्या ठेवला तरी हलायचा नाही. गावातल्या तिघांनी आत्ताच सांगून ठेवलंय, "वळू म्हणून ठेवला की आमच्या गायी तुमच्याकडेच." अण्णा (वडील) खुशीत आहेत. मी नाही.

कारण हे आमच्याकडे एकदा होऊन गेलंय. २०१४ साली अशाच एका तगड्या गायीचा गोऱ्हा ठेवला होता, राजा. तीनेक वर्षं गावभर त्याचंच नाव होतं. त्याच्या ६ पोरी आमच्याच गोठ्यात व्याल्या. परवा डेअरीच्या पावत्या आणि माझी वही घेऊन बसलो. २०१८ पासून मी गायवार दूध लिहितो, महिन्यातून दोनदाच का होईना. (बायको म्हणते, एवढ्या मन लावून किराणा लिहिला असता तर दुकानदाराने फसवलं नसतं.) पहिल्या वेताचा एकूण हिशेब असा निघाला:

राजाच्या पोरी: १८५०, २२४०, १६१०, २०५०, १४८०, २३७० लिटर. सरासरी १९३३.
त्याच वर्षांत पहिल्यांदा व्यालेल्या, डॉक्टरांच्या कांडीच्या (गोठवलेल्या रेताच्या नळीने, म्हणजे कृत्रिम रेतनाने झालेल्या) ५ गायी: २१००, २५६०, १९९०, २४८०, २४२०. सरासरी २३१०.

एका वेताला ३७७ लिटरचा फरक! राजाची आई धुळ्याच्या बाजारात उभी केली असती तर गिऱ्हाइकं भांडली असती, अशी गाय. मग पोरी अशा का?

अण्णांना वही दाखवली. ते म्हणाले, "गाय दखीसनी गोऱ्हा लेतस. पोरी दखीसनी कोन लेस?" मी गप्प बसलो. रात्री पडल्या पडल्या वाटलं, पोरी बघूनच घ्यायला पाहिजे ना खरं तर? पण पोरी व्यायपर्यंत गोऱ्हा म्हातारा होतो. मोठ्या संस्था हे कसं जमवतात? आणि ११ गायीवाल्याने काय करावं?

निवृत्त_पर्यवेक्षक (अमळनेर) | रविवार, रात्री १०.२५

भाऊ, मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून ३१ वर्षं गायी भरल्या, म्हणजे कांडीने रेतन केलं. तुमच्या अण्णांनी जे गमतीत विचारलं, तीच संतती चाचणी. पोरी बघूनच वळू घेतात. वळू स्वतः दूध देत नाही, मग दुसरं बघणार काय?

क्रम असा. आधी वळूमाता शोधायची, म्हणजे जिच्या पोटचा गोऱ्हा वळू म्हणून घ्यायचा ती गाय. महिन्यातून एकदा सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, त्यावरून ३०५ दिवसांचं वेत काढायचं, फॅट तपासायचा. वरच्या फळीतल्या गायींना सिद्ध (पोरी तपासून पास झालेल्या) वळूची कांडी द्यायची. गोऱ्हा झाला की आई-बाप खरेच तेच आहेत का, हे डीएनएने पडताळायचं. हे पडताळणं फार गरजेचं, कारण वहीतला बाप आणि खरा बाप एकच असेल असं नाही. गाय दुपारी डॉक्टरांनी भरलेली असते आणि रात्री दावं तोडून शेजारच्या वळूकडे जाऊन आलेली असते! मग गोऱ्हा विलगीकरणात. क्षय, जोन्स, ब्रुसेला, आयबीआर, बीव्हीडी, कॅम्पायलोबॅक्टर, ट्रायकोमोनास, या रोगांच्या चाचण्या. एचएफ रक्त असेल तर जन्मजात दोषांच्या चाचण्या वेगळ्या. गुणसूत्रंही तपासतात. यातून उरला तर दीड-दोन वर्षांचा असताना त्याचं रेत घ्यायचं.

खरी परीक्षा इथून पुढे. चाचणीच्या कांड्या पुष्कळ गावांत, पुष्कळ गोठ्यांत वाटतात. वासरू यायला ९ महिने. ती कालवड स्वतः व्यायला साधारण ३ वर्षं. तिचं वेत संपायला आणखी १० महिने. हिशेब करा, वळू सहा-सात वर्षांचा झालेला असतो. तोवर त्याच्या कांड्या उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये वाट बघत पडलेल्या. निकाल चांगला आला तर त्या बाहेर निघतात, नाहीतर एवढी वर्षं पोसलेला वळू बाद.

आपल्याकडे हे अगदीच झालं नाही असं नाही. मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला बायफ या पशुपैदास करणाऱ्या संस्थेची सुरुवात केली ती १९६७ साली. केरळात १९६३ च्या इंडो-स्विस प्रकल्पातून सुनंदिनी गाय उभी राहिली. राष्ट्रीय दुग्ध योजनेच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे २०११-१२ नंतर, मुऱ्हा आणि मेहसाणा म्हशी, एचएफ संकरित, जर्सी संकरित यांच्या संतती चाचण्या घेतल्या. गीर, साहिवाल, जाफराबादी, पंढरपुरी यांच्यात मात्र वंशावळीवरच निवड करावी लागली.

एक विचारायचं राहिलं. गायी भरल्यावर रिकाम्या कांड्या ठेवल्यात का?

तापीकाठ | रविवार, रात्री १०.३१

नाही हो आबा. उकिरड्यात गेल्या सगळ्या.

निवृत्त_पर्यवेक्षक | रविवार, रात्री १०.३४

अरेरे. कांडीवर वळूचा नंबर असतो. तोच तर गायीच्या बापाचा दाखला.

पारोळ्याचा_भो | रविवार, रात्री ११.०२

काय भो, हाई गोऱ्हानं लगीन शे का? माय कोन, बाप कोन, रक्त तपासा, दाखला लया! आमना लग्नाले बी इतली चौकशी व्हयनी नव्हती.

कोथरूड_व्हाया_भुसावळ | सोमवार, सकाळी ७.१५

तापीकाठ, तुमची वही बघून बरं वाटलं. पण ३७७ हा आकडा जसाच्या तसा उचलू नका.

एक साधं गणित आहे. पोरींची संख्या भागिले (पोरींची संख्या अधिक १५). हा १५ कुठून आला? दुधातल्या फरकात वारशाचा वाटा साधारण २५ टक्के धरला की तो येतो. बाकीचा फरक चारा, पाणी, आजार, माणूस, नशीब. तुमच्या ६ पोरी, म्हणून ६ भागिले २१, म्हणजे २९ टक्के. ३७७ ला ६ भागिले २१ ने गुणलं की १०८. राजाच्या पुढच्या पोरी बरोबरीच्या गायींपेक्षा वेताला १०८ लिटर कमी देतील, एवढाच अंदाज तुमची वही देते. १५ पोरी असत्या तर खात्री निम्मी, ६० असत्या तर ८० टक्के, १०० असत्या तर ८७. संस्था शेकड्याच्या मागे का लागतात ते यावरून कळेल. आणि १०० च्या पुढे खर्च वाढतो तशी खात्री वाढत नाही, हेही.

आता लालीकडे या. तिची ३ वेतं नीट मोजली, तरी तिच्या स्वतःच्या वारशाबद्दलची खात्री ३७-३८ टक्क्यांच्या वर जात नाही. गोऱ्ह्याबद्दल बोलायचं तर त्याचाही चौथा हिस्सा. म्हणजे ९ टक्के. तुमचे अण्णा आणि गावातले तिघं जण ९ टक्क्यांवर वळू ठेवायला निघालेत. राजाच्या ६ पोरींनी, कितीही तोकड्या असल्या तरी, त्याच्या तिप्पट सांगितलं.

केळीबाग_रावेर | सोमवार, सकाळी ८.५०

आम्ही केळीवाले. टिश्यू कल्चरचं ग्रँड नैनचं रोप आणलं की ५ हजार झाडं एकसारखी, एकाच आठवड्यात निसवण, म्हणजे घड बाहेर. म्हणून आमच्या डोक्यात बसलंय की चांगल्याचं चांगलंच निघतं. गायीत तसं नाही. माझ्याकडे एकाच गायीच्या, एकाच वळूच्या दोन सख्ख्या बहिणी आहेत. एक १६ लिटर, दुसरी ९. गोठा तोच, मका तीच, ढेप तीच. आई-बापाकडून प्रत्येकी निम्मं येतं हे खरं, पण कोणतं निम्मं येईल हे दर वेळी नव्याने ठरतं. लालीच्या गोऱ्ह्याला तिचं चांगलं निम्मं आलंय की वाईट, हे त्याच्या सपाट पाठीवर लिहिलेलं नाही.

गीर_धुळे | सोमवार, दुपारी १.२०

तुम्ही सगळे संकरितवर बोलताय. देशीत असं नसतं. रक्त शुद्ध असलं की दूध येतंच.

(माझ्याकडे १ लाख ८० हजारांचा गीर वळू आहे. सौराष्ट्रातून आणला. आईचा व्हिडिओ बघून घेतला, एका वेळेला १७ लिटर.)

अनेरकाठ (शिरपूर) | सोमवार, दुपारी २.०५

दादा, त्याच्या पोरी व्याल्या का?

गीर_धुळे | सोमवार, दुपारी २.४०

३ व्याल्या. ५-६ लिटरवर आहेत. पण पहिलंच वेत आहे.

अनेरकाठ (शिरपूर) | सोमवार, दुपारी ३.३०

चिडवत नाही हं दादा. मी गावोगाव जाऊन दूध मोजायचं काम ४ वर्षं केलंय, म्हणून विचारलं.

व्हिडिओतलं दूध म्हणजे एका धारेचं दूध. आदल्या संध्याकाळची धार काढलीच नाही तर सकाळी बादली भरणारच. बाजारात गाय आणताना कास तुंबवून आणतात तसंच हे. भरातलं दूध आणि वेताचं दूध यातही घोळ होतो. एक गाय चाळिसाव्या दिवशी २२ लिटर देते आणि सहाव्या महिन्यात आटते. दुसरी १५ च्या वर कधी जात नाही, पण दहाव्या महिन्यातही ९ देते. बाजारात पहिलीला जास्त भाव मिळतो. वर्षाअखेरीस डेअरीच्या पावतीवर दुसरी जिंकते.

मोजायला जायचे तेव्हा काय काय बघितलं ते लिहिते. संध्याकाळी ५ ला गोठ्यात, लटकवायचा काटा आणि रिकामी बादली घेऊन. आधी रिकाम्या बादलीचं वजन, मग धारेनंतरचं. कानातला १२ आकडी बिल्ला वाचायचा. बिल्ल्याला शेण लागलेलं असतं, गाय मान हलवते, मोबाइलचा उजेड पडला की बिचकते. तोच प्रकार पहाटे पुन्हा. एकदा एका काकांनी हळूच सांगितलं, "ताई, दोन लिटर जास्तीचं लिही, गाय विकायची आहे." पुढच्याच गोठ्यात आजी म्हणाल्या, "बाई, कमी लिही, दृष्ट लागते गायीले." एकाच गावात, एकाच संध्याकाळी! आणि गीर म्हणाल तर बहुतेक जण एक सड वासराला सोडतात. ते दूध काट्यावर येतच नाही. कोणी एक सोडतं, कोणी दोन, कोणी नुसतं पान्हवण्यापुरतं लावतं. हे लिहून ठेवलं नाही तर दोन गायींची तुलना कशी करायची?

वरून सगळे म्हणतात, पुस्तकात अमुक वळूचं पैदास मूल्य (पुढच्या पिढीला किती देईल याचा अंदाज) इतकं. ते मूल्य त्या शेणाच्या बिल्ल्यापासून सुरू होतं.

कोथरूड_व्हाया_भुसावळ | सोमवार, सायंकाळी ६.१०

अनेरकाठ, तुमचा प्रतिसाद जपून ठेवतोय.

गीर_धुळे, रक्ताच्या शुद्धतेबद्दल एक. ब्राझीलने आपल्याकडूनच नेलेल्या गीरवर १९८५ पासून संतती चाचणी चालवली. तिथली सरकारी संशोधन संस्था एम्ब्रापा आणि गीर पाळणाऱ्यांची संघटना, दोघांनी मिळून. आज आपण तिथल्या कांड्यांचं कौतुक करतो. रक्त तेच होतं. त्यांनी मोजलं, आपण हार घालून पूजा केली.

गीर_धुळे | सोमवार, सायंकाळी ६.४५

पूजेला नावं ठेवू नका. पण मुद्दा कळला. चौथी पोर पौषात व्यायची आहे, तिचं लिहीन.

सातपुडा_नंदुरबार | सोमवार, रात्री ८.००

तापीकाठ भाऊ, तुमच्या आकड्यांवर दोन शंका.

एक, १४८० वाली कधी व्याली? २०२२ च्या लम्पीच्या (गुरांच्या अंगावर गाठी येणाऱ्या रोगाच्या) साथीत राज्यातली पहिली नोंद ऑगस्टमध्ये आपल्याच चिनावलला झाली होती. त्या पावसाळ्यात व्यालेल्या गायीचा आकडा वळूच्या माथी मारू नका.

दोन, दोन्ही गटांना सारखंच खायला होतं का? एकाच जागी बांधल्या होत्या का?

तापीकाठ | सोमवार, रात्री ९.१५

काय नजर आहे राव तुमची. १४८० वाली सप्टेंबर २०२२ ची. व्याल्यावर तिसऱ्या आठवड्यात अंगभर गाठी, पाय सुजलेले, महिनाभर धार जवळजवळ बंद. ती काढून टाकली तर ५ पोरींची सरासरी २०२४. फरक ३७७ वरून २८६ वर. कोथरूडकरांच्या गणिताने ५ भागिले २०, म्हणजे पाव. हातात उरले ७२ लिटर.

दुसऱ्या शंकेचं उत्तर द्यायला जीवावर येतंय. राजाच्या पोरी जुन्या पत्र्याच्या गोठ्यात होत्या. कांडीच्या कालवडी नव्या गोठ्यात, तिथे छप्पर उंच आणि फॉगर (गारव्यासाठी पाण्याचे बारीक फवारे). मुद्दाम नाही केलं. नवा गोठा झाला तेव्हा ज्या घरच्या वळूच्या नव्हत्या त्या "भारी" म्हणून तिकडे नेल्या.

कोथरूड_व्हाया_भुसावळ | सोमवार, रात्री ९.२२

मग ही चाचणी राजाची झाली की पत्र्याची?

पारोळ्याचा_भो | सोमवार, रात्री ९.२५

पत्रा नापास.

निवृत्त_पर्यवेक्षक | सोमवार, रात्री ९.५०

हसण्यावारी नेऊ नका, यातच सगळं आलं. म्हणून तर चाचणीच्या कांड्या एका गोठ्यात संपवत नाहीत. एका वळूच्या पोरी ४० गोठ्यांत विखुरल्या, प्रत्येक गोठ्यात दुसऱ्या वळूच्याही पोरी असल्या, की कुठे पत्रा, कुठे फॉगर, कुठे नुसता कडबा, कुठे मुरघास, हे सगळं एकमेकांत मिसळून जातं आणि वळू तेवढा वेगळा काढता येतो. तुलना कायम त्याच गोठ्यातल्या, त्याच वर्षी, त्याच हंगामात व्यालेल्या बरोबरीच्या गायींशी. एकट्याचा गोठा कितीही चांगला असला तरी एकट्याने वळू पारखता येत नाही.

सातपुडा_नंदुरबार | सोमवार, रात्री १०.४०

आणि पोरी आपल्याच उन्हात तपासलेल्या हव्यात. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. थंड मुलखात पहिल्या नंबरावर असलेल्या एचएफ वळूच्या पोरी इथे त्याच क्रमाने येतील असं नाही. तिकडचा पहिला इकडे आठवा होऊ शकतो. गाय धापा टाकते, चारा सोडते, माज दाखवत नाही. दूध कमी होतंच, वर ती गाभण राहत नाही, हे त्याहून वाईट. माझ्या हातात असतं तर मी दुधाआधी ‘दोन वेतांतलं अंतर’ हा रकाना वाचला असता. अडचण अशी की गाभण राहण्याच्या गुणात वारशाचा वाटा फारच थोडा, ५ टक्क्यांच्याही आत. म्हणून त्यासाठी पोरी आणखी जास्त लागतात.

आमच्याकडे सातपुड्यात थिल्लारींकडची (गुरं पाळणाऱ्या समाजाकडची) खिलार अजून दिसते. तिचं दूध कोणी मोजत नाही, बैलाची चाल बघतात. तिथे चाचणी नांगराला जुंपूनच होते, आणि ती लबाडी करू देत नाही.

केळीबाग_रावेर | मंगळवार, सकाळी ८.१५

एक गोष्ट सांगतो, वळू निवडताना अंगावर काटा येईल अशी. अमेरिकेत १९६२ साली पॉनी फार्म आर्लिंडा चीफ नावाचा होल्स्टीन वळू जन्मला. पोरी दुधाला जबरदस्त. १६ हजार पोरी, नाती ५ लाखांवर. जगभर त्याचं रक्त पसरलं. पुढे कितीतरी वर्षांनी, जनुकं वाचता यायला लागली तेव्हा कळलं की त्याच्याकडे एक खराब जनुक होतं. आई आणि बाप दोघांकडून तेच आलं तर गर्भ पोटातच मरतो. शेतकऱ्याला काय दिसायचं? गाय भरली, गाभण वाटली, मग उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. कोणाला संशयही नाही. नुकसान मोजलं ते कोट्यवधी डॉलरांत.

तरी चीफला बाद करायचा का? त्याच्या पोरींनी दिलेलं दूध या नुकसानीपेक्षा कितीतरी जास्त भरलं. आता त्या जनुकाची चाचणी होते, दोन वाहक एकमेकांना लावत नाहीत, झालं.

गावाचं म्हणाल तर तिथे हे आणखी सोपं बिघडतं. राजा ३ वर्षं एकाच गावात होता ना? मग त्याने स्वतःच्या पोरीही भरल्या असतील.

तापीकाठ | मंगळवार, सकाळी ९.००

दोन तरी नक्की. एका वासराचा पाय वाकडा निघाला होता. तेव्हा आम्ही ग्रहणाला बोल लावला.

निवृत्त_पर्यवेक्षक | मंगळवार, सकाळी ९.४०

एका वासरावरून सांगता येत नाही, पण बाप-लेकीचं वासरू नकोच. अडीच-तीन वर्षांनी गावचा वळू बदलावा असं आम्ही घसा कोरडा करून सांगायचो. कॅम्पायलोबॅक्टर, ट्रायकोमोनास तर वळूकडूनच गायीगायींत जातात. वळू वरून ठणठणीत, गायी उलटतायत, दोष मात्र चाऱ्याला.

आता स्वतःच्या जातभाईंचंही सांगतो. कांडी कितीही सिद्ध वळूची असो, ती ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची असते. मी नवीन असताना एका ठिकाणी नायट्रोजन वेळेवर आला नाही, कंटेनरमधला तळाला गेला, आणि वरून हुकूम, काम थांबवू नका. त्या महिन्यात मी भरलेल्या गायींपैकी जवळजवळ एकही गाभण राहिली नाही. लोक म्हणाले, सरकारी वळूत दम नाही. वळू बिचारा शेकडो किलोमीटर लांब, त्याला काय माहीत!

पारोळ्याचा_भो | मंगळवार, दुपारी १२.३०

आबा, एक सांगा. ऐकलं की आता गोऱ्ह्याचे केस पाठवले की पत्रिका येते. मग पोरींची वाट कशाला बघायची?

कोथरूड_व्हाया_भुसावळ | मंगळवार, दुपारी १.४५

पत्रिका म्हटलंत ते बरं केलंत, कारण फरक सांगता येईल. जीनोमिक निवड म्हणतात तिला. केस, रक्त किंवा कानाचा कण घेऊन हजारो जागांवरची जनुकीय खूण वाचतात. मग ज्या हजारो गायींचं दूध आधीच मोजलेलं आहे, त्यांच्या खुणांशी ताडून या वासराचा अंदाज बांधतात. अमेरिकेत होल्स्टीनसाठी २००९ पासून हे अधिकृत आहे. वासरू महिन्याचं असतानाच साधारण कल्पना येते, सहा-सात वर्षं वाचतात. आपल्याकडे या खुणा वाचायला गायींसाठी गौ चिप आणि म्हशींसाठी महिष चिप आली. ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशीमला तिचं उद्घाटन झालं.

पण ताडायचं कोणाशी? ज्यांचं दूध नीट मोजलंय त्यांच्याशीच. अनेरकाठ ताईंना "दोन लिटर जास्तीचं लिही" म्हणणारे काका या चिपच्या पोटात बसलेले आहेत. परदेशी होल्स्टीनच्या आकड्यांवरून धुळ्याच्या गीर संकरितचं भविष्य काढणं म्हणजे शेजाऱ्याच्या पोराची पत्रिका आपल्या पोराला लावणं.

अनेरकाठ (शिरपूर) | मंगळवार, दुपारी ४.१०

फक्त कालवडीच होणाऱ्या कांडीबद्दलही लोक विचारतात, म्हणून लिहिते. त्यात साधारण १० पैकी ९ कालवडी होतात, खरं आहे. पण कालवड म्हणजे चांगली कालवड असं नाही. बाप कोण हा प्रश्न तसाच राहतो. आणि त्या कांडीत शुक्राणू फार कमी असतात, त्यामुळे माज नीट ओळखला नाही तर पैसे पाण्यात. आम्ही फक्त तरुण, निरोगी कालवडींना आणि ठळक माजावरच वापरायला सांगायचो.

नर वासरांचा प्रश्न मात्र खरा आहे. २०१५ च्या कायद्यानंतर बैल, गोऱ्हा, वळू कत्तलीसाठी विकता येत नाही. संकरित गोऱ्हा उन्हात औताला टिकत नाही. मग तो कोणाच्या तरी बांधावर सोडलेला दिसतो. "वळू म्हणून ठेवू" यामागे बरेचदा हीच अडचण असते. तुमच्या अण्णांचं तसं आहे का?

तापीकाठ | मंगळवार, रात्री १०.०५

ताई, थोडं तसंही आहे. गोऱ्हा अण्णांच्या हातून बाटलीने दूध प्यालेला. लाली व्याल्यावर आठवडाभर आजारी होती.

आज एक झालं. जेवताना हे सगळं घरात सांगितलं, कांड्या उकिरड्यात गेल्या असंही. आई उठली, देवळीतून पावडरचा जुना डबा काढला. आत कांड्या! १९ निघाल्या. म्हणाली, "डॉक्टर टाकी जातस, मी उचली ठेवस. रंग चांगला असतो." नातीने त्यांच्या माळा ओवायच्या होत्या म्हणे. ७ कांड्यांवरचं नीट वाचता येतंय, ४ वर अर्धं, बाकी पुसलंय. गुलाबी कांडीवर आईने बॉलपेनने ‘लाली’ लिहिलंय, बाजूला तारीख. गोऱ्ह्याच्या जन्माआधी बरोबर ९ महिने आणि ६ दिवस.

आबा, नंबर तुम्हाला निरोपात टाकलाय. बघाल का?

निवृत्त_पर्यवेक्षक | बुधवार, सकाळी ११.२०

आईंना माझा नमस्कार सांगा. ३१ वर्षांत मला असा डबा मिळाला नाही.

नंबर यादीत सापडला. वळू चाचणीतला आहे. तरुण होता, त्याच्या कांड्या गावोगाव वाटल्या होत्या, तुमच्याकडची त्यातलीच. पोरींचा निकाल अजून लागलेला नाही. म्हणजे गोऱ्ह्याचा बापच परीक्षेला बसलाय.

त्याच नंबरची आणखी कांडी आहे का डब्यात?

तापीकाठ | बुधवार, रात्री ८.५०

आहे. तिच्यावर ‘चंद्री’ लिहिलंय. चंद्रीची त्या कांडीची कालवड गोठ्यात आहे, गाभण आहे, चैत्रात व्यायची. आबा, म्हणजे त्या वळूच्या निकालातली एक पोर आमच्याच दावणीला?

निवृत्त_पर्यवेक्षक | बुधवार, रात्री ९.०५

तिच्या कानात बिल्ला असेल आणि कांडीची नोंद वर गेली असेल, तर हो. तपासून घ्या. नसेल तर दवाखान्यात जाऊन नोंद करून घ्या, व्यायच्या आधी.

तापीकाठ | बुधवार, रात्री ९.३०

बिल्ला आहे. शेण धुवून वाचला. उद्या दवाखान्यात जातो. आणि तिला नव्या गोठ्यात नेणार नाही, पत्र्याखालीही ठेवणार नाही. सगळ्याच गायी एका छपराखाली आणायचं काढलंय, उन्हाळ्याआधी.

गोऱ्ह्याकडे गावातल्या गायी आणायच्या नाहीत एवढं ठरलं. खच्ची करायचं अजून ठरलं नाही. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत, गोऱ्ह्याशी बोलतात.

अनेरकाठ ताई, लटकवायचा काटा किती किलोपर्यंतचा घेऊ? आणि बादली स्टीलचीच लागते का?

अनेरकाठ (शिरपूर) | बुधवार, रात्री ९.४१

२५ किलोचा पुरे. बादली कोणतीही चालेल, फक्त दर वेळी तीच.